फँटसी फुटबॉलमधील स्थाननिहाय निवडनीती

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक सामन्यांतील खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीवर आधारलेला, आकडेवारीच्या साहाय्याने खेळला जाणारा एक स्पर्धात्मक खेळ म्हणजे फँटसी फुटबॉल होय. यात भाग घेणारी व्यक्ती स्वतः मैदानावर उतरत नाही. ती निरनिराळ्या व्यावसायिक संघांतील खेळाडू निवडून आपला एक काल्पनिक संघ उभा करते आणि त्या खेळाडूंनी आठवडाभरातील सामन्यांत मिळविलेले यार्ड, टचडाउन इत्यादींना ठराविक गुण देऊन संघाची बेरीज केली जाते. हंगामापूर्वी सर्व संघमालक एकत्र जमून पाळीपाळीने खेळाडू निवडतात. या निवडसभेस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. कोणत्या फेरीत कोणत्या स्थानाचा खेळाडू घ्यावा, याविषयीचे जे विचार व डावपेच गेल्या सहा दशकांत विकसित झाले, त्यांस स्थाननिहाय निवडनीती म्हणता येईल. वरवर पाहता हा केवळ करमणुकीचा विषय वाटतो. तथापि टंचाई, जोखीम आणि इतरांच्या वर्तनाचा अंदाज या अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्नांचा सामान्य माणसांनी सामूहिक रीत्या केलेला अभ्यास म्हणून त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

स्थाने व गुणपद्धती : या खेळाच्या दृष्टीने चार स्थाने महत्त्वाची आहेत. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असून चेंडू पुढे फेकण्याचे काम त्याचे असते. रनिंग बॅक चेंडू हातात घेऊन बचावफळी भेदत धावतो. वाइड रिसीव्हर हा दूरवर धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलतो. टाइट एंड झेलही घेतो आणि प्रतिस्पर्ध्यास अडविण्याचे कामही करतो. यांखेरीज एक किकर व एका संघाची संपूर्ण बचावफळी हीदेखील निवडावी लागते. गुणांचे नियम प्रत्येक मंडळात थोडेफार भिन्न असले, तरी धावून वा झेल घेऊन केलेल्या टचडाउनला ६ गुण, चेंडू फेकून मिळविलेल्या टचडाउनला ४ गुण, धाव वा झेल यांच्या दर १० यार्डांस १ गुण व फेकीच्या दर २५ यार्डांस १ गुण, ही पद्धती सर्वसाधारणपणे रूढ आहे. अनेक मंडळांत प्रत्येक झेलाबद्दल अर्धा अथवा १ जादा गुण देतात. हा एकच नियम झेल घेणाऱ्या खेळाडूंचे मोल पुष्कळ वाढवितो. त्यामुळे निवडनीतीचा कोणताही सिद्धांत गुणांच्या नियमांपासून अलग करून तपासता येत नाही.

उगम : ड्राफ्टची मूळ कल्पना व्यावसायिक फुटबॉलमधीलच आहे. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये अशी सूचना मांडली, की महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करताना सर्वांत दुर्बल संघास पहिली संधी द्यावी. त्यानुसार १९३६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगचा पहिला ड्राफ्ट झाला. पैशाच्या जोरावर बलाढ्य झालेल्या संघांना आवर घालून स्पर्धेत समतोल राखणे, हा त्यामागील हेतू होता.

फँटसी फुटबॉलचा जन्म १९६२ मध्ये झाला. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख हे संघासमवेत न्यूयॉर्क येथे मुक्कामास होते. तेथील एका हॉटेलात त्यांनी, संघाचे प्रसिद्धी अधिकारी बिल टनेल व ओकलंड ट्रिब्यून या वृत्तपत्राचे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांच्या सहकार्याने या खेळाचे नियम तयार केले. विंकेनबाख यांनी याआधी गोल्फ व बेसबॉल या खेळांबाबत असाच प्रयोग केला होता. त्यांच्या ८ संघांच्या मंडळाचा पहिला ड्राफ्ट ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांच्या ओकलंड येथील राहत्या घरी झाला.

त्या पहिल्या ड्राफ्टमधील पहिली निवडच पुढील साऱ्या वादाची नांदी ठरली. अँडी मूसॅलिमस यांनी जिम ब्राउन या विख्यात धावपटूऐवजी ह्यूस्टन ऑइलर्सचा जॉर्ज ब्लँडा याला पसंती दिली. ब्लँडा क्वार्टरबॅकही होता आणि किकरही. १९६१ च्या हंगामात त्याने फेकीद्वारे ३६ टचडाउन मिळविले होते. एकाच खेळाडूकडून दोन स्थानांचे गुण मिळणार असल्याने ही निवड तर्कास धरून होती. परंतु १९६३ च्या त्याच हंगामात ब्राउनने १४ सामन्यांत १,८६३ यार्ड धाव घेऊन नवा उच्चांक स्थापन केला, तर ब्लँडाच्या टचडाउनांची संख्या २४ वर उतरली. मागील वर्षाच्या आकड्यांवर पुढील वर्षाची निवड करावी लागते, ही या खेळातील मूळची अडचण अशा रीतीने पहिल्याच वर्षी प्रत्ययास आली.

प्रसार : मूसॅलिमस यांनी ओकलंडमधील आपल्या किंग्ज एक्स या मद्यगृहात १९६९ मध्ये हा खेळ सामान्य गिऱ्हाइकांसाठी खुला केला आणि त्याचा प्रसार मूळ मंडळाबाहेर होऊ लागला. तरीही वृत्तपत्रातील धावफलक कापून ठेवणे व हाताने बेरजा करणे यांमुळे तो दीर्घ काळ मोजक्या हौशी मंडळींपुरताच राहिला. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलसाठी ‘रोटिसरी’ पद्धती सुरू केली. तिच्यात पाळीपाळीने निवड न करता ठराविक रकमेतून खेळाडूंचा लिलाव केला जाई. लिलावाची ही पद्धती पुढे फुटबॉलमध्येही आली. १९८० नंतरच्या दशकात या खेळास वाहिलेली वार्षिके निघू लागली व त्यांतील क्रमवाऱ्या हा निवडीचा प्रमुख आधार बनला. १९९७ मध्ये सीबीएस व १९९९ मध्ये याहू यांनी संगणकजालावर हा खेळ उपलब्ध करून दिल्यावर गणिताचा भार यंत्राने उचलला. खेळाडूचे लक्ष बेरजांवरून उठून निवडीच्या विचारावर केंद्रित झाले, ते प्रामुख्याने या काळात.

निवडीचा क्रम : बहुतेक मंडळांत ‘सर्पाकार’ क्रम पाळतात. पहिल्या फेरीत ज्याचा क्रमांक शेवटचा, तो दुसऱ्या फेरीत पहिला असतो. १२ संघांच्या मंडळात पहिल्या मालकास १, २४ व २५ या क्रमांकांच्या निवडी मिळतात, तर शेवटच्यास १२, १३ व ३६ या क्रमांकांच्या मिळतात. पहिल्या मालकाच्या दोन पाळ्यांमध्ये २२ खेळाडू निघून जातात. म्हणून ‘सर्वांत चांगला खेळाडू कोणता’ या प्रश्नापेक्षा ‘माझी पाळी पुन्हा येईपर्यंत कोणता खेळाडू शिल्लक राहील’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. लिलावात प्रत्येक खेळाडू प्रत्येकाच्या आवाक्यात असल्याने हा प्रश्न उद्‌भवत नाही. तेथे पैशाची वाटणी कशी करावी, हा प्रश्न त्याची जागा घेतो.

सापेक्ष मूल्याचा सिद्धांत : नवख्या मालकास सर्वाधिक गुण मिळविणारा खेळाडू, म्हणजे बहुधा क्वार्टरबॅक, आधी घ्यावासा वाटतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस जो ब्रायंट यांनी प्रसृत केलेल्या मूल्याधिष्ठित निवडीच्या सिद्धांताने या समजुतीस धक्का दिला. खेळाडूचे मूल्य त्याच्या एकूण गुणांत नसून त्याच स्थानावरील सहज मिळू शकणाऱ्या खेळाडूपेक्षा तो किती जास्त गुण मिळवितो यात आहे, असे हा सिद्धांत सांगतो. उदा., एखाद्या हंगामात सर्वोत्तम क्वार्टरबॅकचे ३८० व बाराव्याचे २९० गुण झाले आणि सर्वोत्तम रनिंग बॅकचे ३२० व चोविसाव्याचे १६० गुण झाले, असे समजू. १२ संघांच्या मंडळात प्रत्येकास एक क्वार्टरबॅक व दोन रनिंग बॅक खेळवावयाचे असतात. म्हणून पहिल्याचे सापेक्ष मूल्य ९० गुण, तर दुसऱ्याचे १६० गुण ठरते. एकूण गुण कमी असूनही रनिंग बॅक अधिक मोलाचा होतो.

या टंचाईचे कारण प्रत्यक्ष खेळाच्या रचनेत आहे. लीगमध्ये ३२ संघ असून प्रत्येकाचा एकेक क्वार्टरबॅक मैदानावर असतोच. त्यांपैकी १२ जणांचीच मंडळास गरज असते. उलट रनिंग बॅकची गरज किमान २४ असते, आणि धावण्याचे बहुतेक काम एकाच खेळाडूकडे सोपविणारे संघ थोडे असतात. मात्र ज्या मंडळांत दोन क्वार्टरबॅक खेळविण्याची मुभा असते, तेथे त्यांचीही गरज २४ होते व हा सारा हिशेब उलटा फिरतो.

रनिंग बॅकचे युग : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पहिल्या फेरीतील बहुतेक निवडी रनिंग बॅकच्या असत. १९९९ मध्ये सेंट लुइस रॅम्सचा मार्शल फॉक याने धावून १,३८१ व झेल घेऊन १,०४८ यार्ड मिळविले होते. त्याच संघाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर यास ट्रेंट ग्रीन जखमी झाल्यामुळे संधी मिळाली व त्याने ४१ टचडाउनांच्या फेकी केल्या. हंगामापूर्वी वॉर्नरचे नाव फारसे कोणी घेतलेले नव्हते. एकाच संघातील या दोन उदाहरणांवरून मालकांनी असा बोध घेतला, की श्रेष्ठ क्वार्टरबॅक उशिराही सापडू शकतो, रनिंग बॅक मात्र आधीच घेतला पाहिजे. २००६ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सचा लाडेनियन टॉमलिन्सन याने १,८१५ यार्ड धाव घेत एकूण ३१ टचडाउन मिळविले आणि या मतावर शिक्कामोर्तब झाले. परंतु आदल्या वर्षी १,८८० यार्ड व २८ टचडाउन मिळविलेला सिॲटलचा शॉन अलेक्झांडर २००६ मध्ये पायाच्या दुखापतीने अनेक सामन्यांस मुकला. त्यालाही त्या वर्षी अगदी आघाडीवर निवडण्यात आले होते. टॉमलिन्सनने जिंकलेल्यांची चर्चा झाली, अलेक्झांडरमुळे हरलेल्यांची फारशी झाली नाही. या पक्षपाती स्मरणामुळे एका नीतीचे रूपांतर नियमात झाले.

नियमबदलांचा परिणाम : याच सुमारास मूळ खेळ मात्र फेकीकडे झुकत होता. १९७८ मध्ये पाच यार्डांपलीकडे झेल घेणाऱ्यास बचावपटूने अडविण्यावर निर्बंध आला होता. २००४ पासून त्याची अंमलबजावणी अधिक काटेकोरपणे होऊ लागली व त्याच वर्षी पेटन मॅनिंगने ४९ टचडाउनांच्या फेकी केल्या. २००७ मध्ये टॉम ब्रेडीने ५० फेकी केल्या, त्यांपैकी २३ एकट्या रँडी मॉसने झेलल्या. या आकड्यांनी भारावून २००८ मध्ये ज्यांनी ब्रेडीला आधी निवडले, त्यांचा हंगाम पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्यास झालेल्या दुखापतीने संपल्यात जमा झाला. २०११ मध्ये ड्रू ब्रीस, ब्रेडी व मॅथ्यू स्टॅफर्ड या तिघांनी प्रत्येकी ५,००० हून अधिक यार्ड मिळविले, तेव्हा क्वार्टरबॅक आधी घेण्याची लाट पुन्हा आली. जे. जे. झॅकॅरियासन यांनी २०१२ मध्ये याविरुद्ध मत मांडले. उत्तम क्वार्टरबॅक पुष्कळ झाले, तर त्यांच्यातील अंतर कमी होते, म्हणून ते उशिरा घेणेच शहाणपणाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विपुलतेमुळे मोल घटते, या सापेक्ष मूल्याच्या सूत्राचाच हा विस्तार होता.

‘शून्य रनिंग बॅक’ नीती : २०१३ मध्ये शॉन सीगेल यांनी या सूत्राच्या मुळाशी असलेल्या गृहीतकासच आव्हान दिले. सापेक्ष मूल्याचा हिशेब खेळाडू वर्षभर धडधाकट राहील असे धरून चालतो. परंतु रनिंग बॅकला सतत जोराच्या धडका सोसाव्या लागतात. तो जखमी होण्याचा संभव मोठा असतो आणि त्याच्या जागी येणारा राखीव खेळाडू बहुधा कोणी निवडलेला नसतो. तेव्हा पहिल्या काही फेऱ्यांत रनिंग बॅक मुळीच न घेता झेल घेणारे खेळाडू घ्यावेत व नंतरच्या फेऱ्यांत अनेक राखीव रनिंग बॅक गोळा करावेत. अशा संघास हंगामातील गोंधळ बाधत नाही, उलट लाभदायक ठरतो. नासिम तालेब यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या, आघातांनी अधिक बळकट होणाऱ्या व्यवस्थेच्या कल्पनेचा आधार सीगेल यांनी घेतला होता.

२०१५ मध्ये जमाल चार्ल्स व लेव्हियन बेल हे दोन अग्रगण्य रनिंग बॅक गुडघ्याच्या दुखापतींनी बाद झाले आणि या नीतीचा बोलबाला झाला. २०१६ च्या ड्राफ्टांमध्ये अँटोनियो ब्राउन व इतर वाइड रिसीव्हर अग्रभागी आले. परिणामी रनिंग बॅक स्वस्त झाले. त्याच वर्षी ॲरिझोनाच्या डेव्हिड जॉन्सनने २० टचडाउन केले व डॅलसच्या इझिकिएल एलियटने पदार्पणातच १,६३१ यार्ड धाव घेतली. २०१७ मध्ये मालक पुन्हा रनिंग बॅककडे वळले. जॉन्सन पहिल्याच सामन्यात मनगटाच्या दुखापतीने बाद झाला. नीती सर्वमान्य होताच तिचा लाभ नाहीसा होतो, हे या तीन वर्षांच्या घटनाक्रमावरून स्पष्ट दिसते.

मिश्र नीती : या दोन टोकांमधून पुढे मधला मार्ग निघाला. त्यात पहिल्या दोन फेऱ्यांत एकच भरवशाचा रनिंग बॅक घेऊन नंतर दीर्घ काळ झेल घेणाऱ्यांवर भर देतात. टाइट एंडच्या बाबतीत निराळाच विचार प्रचलित झाला. या स्थानावर एखाददुसराच खेळाडू इतरांच्या फार पुढे असतो. उदा., २०११ मध्ये रॉब ग्रॉन्कोव्स्कीने १७ झेली टचडाउन केले, तर २०२० मध्ये ट्रॅव्हिस केल्सीने १,४१६ यार्ड मिळविले. असा खेळाडू आधी घ्यावा, नाहीतर त्या स्थानाकडे अखेरपर्यंत पाहू नये, असे मानतात. किकर व बचावफळी यांच्या कामगिरीत वर्षागणिक सातत्य नसल्याने त्यांची निवड शेवटच्या फेऱ्यांवर ढकलतात. क्वार्टरबॅकविषयीचे मतही २०१९ मध्ये लमार जॅक्सनने ३६ टचडाउनांच्या फेकींबरोबरच १,२०६ यार्ड धाव घेतल्यावर बदलले. धावणारा क्वार्टरबॅक दोन स्थानांचे गुण मिळवितो. १९६३ मध्ये ब्लँडाची निवड ज्या तर्काने झाली, तोच येथे निराळ्या रूपाने परत आलेला दिसतो.

कौशल्य व दैव : निवडनीतीने यश किती मिळते आणि योगायोगाने किती, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला. अमेरिकेच्या २००६ च्या ऑनलाइन जुगारविषयक कायद्यात, सहभागी व्यक्तींच्या ज्ञानावर व कौशल्यावर अवलंबून असणाऱ्या फँटसी खेळांस काही अटींवर वगळण्यात आले. त्यानंतर फॅनड्यूएल (२००९) व ड्राफ्टकिंग्ज (२०१२) या कंपन्यांनी दैनंदिन स्पर्धा सुरू केल्या. त्यांत ड्राफ्ट नसतो. प्रत्येक खेळाडूची किंमत ठरलेली असते व एकच खेळाडू अनेकांना घेता येतो. भारतात २००८ मध्ये मुंबई येथे स्थापन झालेल्या ड्रीम इलेव्हन या कंपनीने क्रिकेटसाठी याच प्रकारची पद्धती लोकप्रिय केली. तिच्या स्पर्धा कौशल्यावर आधारलेल्या असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ग्राह्य मानले. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य व दैव हा भेद न करता, बंदी घालणारा कायदा संसदेने केला आणि कंपनीने पैशांच्या स्पर्धा थांबविल्या.

एका हंगामातील निकालावरून मालकाचे कौशल्य सिद्ध होत नाही. एका गुडघ्याच्या दुखापतीने सर्वांत विचारपूर्वक केलेली निवड निष्फळ होते. निवडनीती दैवास दूर करू शकत नाही. दैवाचा घाव कोठे बसावा आणि तो सोसण्याची तयारी किती असावी, एवढेच ती ठरवू शकते.

मूल्यमापन : या इतिहासास एक मानवी बाजूही आहे. निवडनीतीच्या भाषेत रनिंग बॅक हा लवकर झिजणारा, बदलता येण्याजोगा घटक ठरतो. प्रत्यक्ष लीगमधील व्यवस्थापकही आपल्या स्वतंत्र हिशेबाने त्याच निष्कर्षास आले होते. २०२३ मध्ये सॅकन बार्कली व जॉश जेकब्स यांसारख्या अव्वल रनिंग बॅकना दीर्घ मुदतीचे करार नाकारण्यात आले, तेव्हा जुलैमध्ये या स्थानाच्या प्रमुख खेळाडूंनी ऑनलाइन बैठक घेऊन आपल्या मोबदल्याविषयी विचारविनिमय केला. पुढील वर्षी बार्कली फिलाडेल्फियास गेला आणि २०२४ च्या हंगामात २,००५ यार्ड धाव घेऊन संघाच्या विजेतेपदात त्याने मोठा वाटा उचलला. त्याच वर्षी तिशी ओलांडलेल्या डेरिक हेन्रीने बॉल्टिमोरकडून १,९२१ यार्ड धाव घेतली. २०२५ च्या ड्राफ्टांत जमार चेस या वाइड रिसीव्हरबरोबर बार्कली व बीजान रॉबिन्सन हे रनिंग बॅकही पहिल्या फेरीत निवडले गेले.

सहा दशकांच्या या वाटचालीत कोणतीही एक नीती कायमची श्रेष्ठ ठरलेली नाही. स्थानाचे मोल त्या स्थानात नसते. नियम, टंचाई आणि मंडळातील इतर मालकांची समजूत यांतून ते ठरते, आणि ही समजूत दरवर्षी बदलते. सर्वांच्या हाती सारखीच माहिती असताना सर्वसंमत मतापासून केव्हा व किती दूर जावे, याचा विवेक हेच या खेळातील खरे कौशल्य होय. १९६३ मध्ये ओकलंड येथे जमलेल्या मंडळींपुढे हाच प्रश्न होता, आणि आकडेवारीची साधने कितीही वाढली, तरी तो प्रत्येक ड्राफ्टच्या वेळी नव्याने उभा राहतो.